‘रन’ नाम की क्रियापद? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणारे, शिकवणारे आणि भाषांतर करणारे ‘रन’बद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ‘रन’ची असली तरी ‘वर्क’, ‘कॉल’, ‘टर्न’, ‘ब्रेक’, ‘कट’, ‘प्ले’ या मंडळींनाही ती बहुतांशी लागू पडतात.

‘रन’ हा शब्द मुळात नाम आहे की क्रियापद?

सुटा ‘रन’ यांपैकी काहीच नाही. हा प्रश्न शब्दाला विचारून उपयोग नाही, वाक्याला विचारावा लागतो. ‘आय रन एव्हरी मॉर्निंग’ यात तो क्रियापद आहे, ‘आय वेंट फॉर अ रन’ यात नाम. शब्दाचं एक अक्षरही बदललेलं नाही, बदलली ती त्याची जागा. शब्दकोशात नामाची आणि क्रियापदाची नोंद वेगवेगळी असते, पण ती शोधणाऱ्याच्या सोयीसाठी.

शाळेत ‘टेबल नाम, ईट क्रियापद’ अशा याद्या पाठ करवून घेतात. इंग्रजीत त्या फार दूर नेत नाहीत. ‘टेबल’सुद्धा क्रियापद होतंच. ब्रिटनमध्ये ‘टेबल अ मोशन’ म्हणजे ठराव चर्चेसाठी मांडणं आणि अमेरिकेत नेमकं उलट, तो तूर्त बाजूला ठेवणं. दोन्हीकडची माणसं एकाच बैठकीत बसली तर काय होईल, याची कल्पना करून पाहा.

वाक्यात तो काय काम करतोय हे पटकन कसं ओळखायचं?

आधी मागचा शब्द पाहा. मागे ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘माय’, ‘एव्हरी’ यांपैकी काही असेल, किंवा ‘लाँग’, ‘गुड’ असं विशेषण असेल, तर बहुतेक वेळा नाम. मागे ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’, ‘डोन्ट’ किंवा ‘आय’, ‘यू’, ‘दे’ असेल तर क्रियापद.

शंका राहिली तर वाक्य कालच्या दिवसात ढकला. ‘दे रन द शॉप’चं काल ‘दे रॅन द शॉप’ होतं, म्हणजे क्रियापद. ‘आय एन्जॉय द रन’चं काल ‘आय एन्जॉइड द रन’ होतं. इथे ‘रन’ जागचा हलला नाही, म्हणजे नाम. ही परीक्षा सहसा दगा देत नाही.

दोन ठिकाणी मात्र पाय घसरतो. पहिलं ठिकाण म्हणजे ‘टू’. ‘आय वाँट टू रन’मधला ‘टू’ क्रियापदाचा सोबती आहे. ‘आय लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ साधं शब्दयोगी अव्यय आहे आणि त्याच्यापुढे नाम किंवा ‘रनिंग’सारखं नामासारखं वागणारं रूप लागतं. म्हणून ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ चूक आणि ‘टू मीटिंग यू’ बरोबर. कार्यालयीन पत्रांत ही चूक सर्रास दिसते. दुसरं ठिकाण म्हणजे शेवटचा ‘स’. नामाला लागला की तो अनेकवचन दाखवतो (‘थ्री रन्स’) आणि क्रियापदाला लागला की एकवचनी कर्ता (‘शी रन्स’). एकच अक्षर दोन्हीकडे उलटं काम करतं, त्यामुळे ‘दे रन्स’ आणि ‘थ्री रन’ या दोन्ही चुका एकाच गोंधळातून निघतात.

एकच शब्द दोन्ही कामं का करतो? इंग्रजीत वेगळे शब्द नव्हते का?

होते. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, नामाला आणि क्रियापदाला वेगवेगळे प्रत्यय लागत. प्रेम या अर्थी नाम ‘लुफु’ होतं आणि प्रेम करणं ‘लुफियन’. उत्तर या अर्थी ‘अँडस्वरू’ आणि उत्तर देणं ‘अँडस्वरियन’. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे स्वर आधी पुसट झाले आणि मग गळाले. लुफुचंही ‘लव्ह’ झालं आणि लुफियनचंही ‘लव्ह’च. कोणी ठरवून केलेली ही काटकसर नव्हती, कडा झिजून दोन शब्द सारखे दिसू लागले.

एकदा अशा सारख्या दिसणाऱ्या पुष्कळ जोड्या झाल्यावर बोलणाऱ्यांच्या मनात एक वाट तयार झाली: नाम घ्यायचं आणि सरळ क्रियापद म्हणून वापरायचं, किंवा उलट. त्यासाठी प्रत्यय लावण्याची गरजच उरली नाही. ‘रन’ची गोष्ट दुसऱ्या प्रकारातली. तो मुळात क्रियापद, जुन्या इंग्रजीतल्या ‘रिनन’ आणि ‘इरनन’ या रूपांचा वारस. नाम नंतर, त्या क्रियापदावरून आलं. उलट ‘हॅमर’ आधी वस्तू आणि मग क्रिया. कोण आधी हे नेहमी अंदाजाने सांगता येत नाही आणि वापरणाऱ्याला त्याने फरकही पडत नाही.

मराठीत असं होत नाही का?

होतं की. ‘खेळ रंगला’ यात खेळ नाम आहे आणि ‘जा, खेळ’ यात क्रियापद. धाव, बोल, नाच, मार हेही तसेच. फक्त मराठीत हा सारखेपणा आज्ञार्थापुरता टिकतो. जरा काळ बदलला की धावतो, धावली, धावणार अशी रूपं येतात आणि नामाला विभक्ती लागली की ‘धावेत’, ‘खेळाला’. प्रत्यय ओरडून सांगतात कोण कोण आहे ते. त्यामुळे मराठी वाक्यात शब्द पुढेमागे केले तरी अर्थ सांडत नाही. इंग्रजीने प्रत्यय गमावले आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमावर टाकलं. मराठी माणसाला इंग्रजीत जागा सांभाळणं जड जातं ते यामुळेच.

क्रियापद म्हणून ‘रन’ची रूपं कोणती?

रन, रॅन, रन. पहिलं आणि तिसरं रूप एकच, ‘कम, केम, कम’सारखं. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’नंतर तिसरं रूप येतं, म्हणून ‘द प्रोग्राम हॅज रन’ बरोबर. ‘हॅज रॅन’ ऐकू येतं, अगदी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या तोंडीही, पण प्रमाण लेखनात ते चालत नाही. ‘रनिंग’ लिहिताना मधलं ‘एन’ दोनदा. बस, एवढंच.

क्रियापद म्हणून त्याचे अर्थ इतके वेगवेगळे कसे?

पायांनी धावणं हा अर्थ आधी शिकवला जातो आणि मग बाकीचे अर्थ अपवाद वाटू लागतात. त्याऐवजी ‘एका वाटेने न थांबता पुढे जात राहणं’ हा गाभा धरा, बरंच काही जागेवर बसतं. नदी रन होते, नळ रन होतो, सर्दीत नाक रन होतं. धुण्यात कपड्याचा रंग गेला तर ‘द कलर्स रॅन’. रस्ता डोंगराच्या कडेने जातो तर ‘द रोड रन्स अलाँग द हिल’, इथे तर काहीच हलत नाही, हलते ती पाहणाऱ्याची नजर. मग काळ: करार पाच वर्षं रन होतो, नाटक रन होतं, सिनेमा दोन तास रन होतो.

मराठीतली ‘चालणं’ आणि ‘चालवणं’ ही जोडी इथे मोठ्या कामाची आहे. यंत्र चालतं, आपण यंत्र चालवतो. मराठीत मधे ‘व’ येतो आणि क्रियापद सकर्मक होतं. इंग्रजीत तो ‘व’ नाही. ‘द मशीन रन्स’ आणि ‘शी रन्स द मशीन’, दोन्हीकडे तेच रूप. पुढे कर्म आलं की ‘चालवणं’, नाही आलं की ‘चालणं’. संस्था चालवणं, चाचणी घेणं, वर्तमानपत्राने बातमी छापणं, टबात आंघोळीचं पाणी सोडणं, या सगळ्याला सकर्मक ‘रन’ चालतो.

ही जोडी आंधळेपणाने वापरू नका, एवढं सांगायलाच हवं. गाडी चालवणं म्हणजे ‘ड्राइव्ह’, सायकल चालवणं म्हणजे ‘राइड’. ‘रन अ कार’ असं इंग्रजीत म्हणतात, पण त्याचा अर्थ गाडी बाळगणं, तिचं इंधन, विमा, दुरुस्ती यांचा खर्च सोसणं. ‘आय कान्ट अफोर्ड टू रन अ कार’ म्हणणाऱ्याला गाडी चालवता येत नाही असं समजू नका, त्याला ती परवडत नाही.

तिसरा एक गट आहे ज्याच्याकडे दुर्लक्ष होतं. ‘द वेल रॅन ड्राय’, ‘वी आर रनिंग लेट’, ‘सप्लाइज आर रनिंग लो’. इथे ‘रन’चा अर्थ जवळपास ‘होणं’ इतकाच उरतो आणि त्याच्यापुढे अवस्था सांगणारा शब्द येतो. विहीर आटली, आपल्याला उशीर होतोय, साठा संपत आलाय. मराठीत या तिन्ही वाक्यांना तीन वेगळी क्रियापदं लागली, हे पाहा.

आणि मग अव्ययांबरोबरचे संसार. ‘रन इनटू’ म्हणजे धडकणं किंवा अचानक गाठ पडणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून वाहन जाणं, ‘रन थ्रू’ म्हणजे भरभर नजर घालणं किंवा तालीम करणं, ‘रन इट बाय समवन’ म्हणजे एखादी कल्पना कुणाच्या तरी कानावर घालून मत घेणं. ‘रन आउट’मध्ये कर्ता कोण यावर रचना बदलते. दूध कर्ता असेल तर ‘द मिल्क हॅज रन आउट’, आपण कर्ते असलो तर ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. दुसऱ्या वाक्यातला ‘ऑफ’ गाळला की वाक्य मोडतं.

नाम म्हणून त्याचा नेमका अर्थ काय?

क्रियापदात जी हालचाल चालू राहते, ती नामात दोन्ही टोकांनी बांधली जाते. ‘अ रन’ म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेला एक तुकडा. सकाळची एक फेरी, क्रिकेटमधली एक धाव, पुस्तकाच्या एका वेळी छापलेल्या सगळ्या प्रती म्हणजे ‘प्रिंट रन’, नाटकाचे सलग प्रयोग म्हणजे त्याचा ‘रन’. लागोपाठ घडणाऱ्या गोष्टींची साखळी हाही एक तुकडाच: ‘अ रन ऑफ बॅड लक’, एकामागून एक आलेली संकटं. मोजता येतं, मागे विशेषण लावता येतं, अनेकवचन करता येतं.

काही वेळा क्रियेचं नाव क्रियेच्या जागेला मिळतं. बर्फावरून घसरत उतरण्याची वाट म्हणजे ‘स्की रन’, कोंबड्यांना फिरण्यासाठी जाळीने घेरलेली जागा म्हणजे ‘चिकन रन’. पायमोज्याचा एक धागा तुटून उभी उसवण झाली तर अमेरिकेत तोही ‘रन’, ब्रिटनमध्ये मात्र त्याला ‘लॅडर’ म्हणतात.

सगळ्यांत रंजक अर्थ बँकेचा. ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे बँक बुडणार या धास्तीने ठेवीदारांनी एकदम पैसे काढायला धाव घेणं. इथे ‘ऑन’ फार महत्त्वाचा, कारण तो रोख दाखवतो. ‘अ रन ऑन शुगर’ म्हणजे साखरेवर पडलेली उडी. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तेव्हा हा शब्दप्रयोग जगभरच्या बातम्यांत झळकला. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात सुमारे ४२०० कोटी डॉलर काढून घेण्याचा प्रयत्न झाला, तोही बहुतांशी फोन आणि संगणकावरून. कोणी जागचं उठलंसुद्धा नाही, पण शब्द ‘रन’च राहिला.

उपपदाकडे लक्ष असू द्या. ‘अ रन’ म्हणजे एक फेरी, ‘ऑन द रन’ म्हणजे फरार, ‘द रन ऑफ द हाउस’ म्हणजे घरभर मोकळेपणाने वावरायची मुभा आणि ‘द रन्स’ म्हणजे जुलाब. वरिष्ठांना रजेचा अर्ज लिहिताना ‘आय हॅव रन्स टुडे’ वगैरे लिहू नये, ‘अपसेट स्टमक’ पुरे.

‘रन’ आणि ‘रनिंग’, दोन्ही नामंच ना? मग फरक काय?

‘रनिंग’ म्हणजे धावण्याचा सर्वसाधारण प्रकार, ‘अ रन’ म्हणजे त्यातली एक घटना. ‘रनिंग इज गुड फॉर यू’ म्हणताना कुठलीच एक फेरी डोळ्यांपुढे नसते. ‘दॅट वॉज अ गुड रन’ म्हणताना आजची, आत्ताची असते. म्हणून ‘रनिंग’ मोजत नाहीत आणि ‘अ रनिंग’ म्हणत नाहीत. ‘स्विमिंग’ आणि ‘अ स्विम’, ‘वॉकिंग’ आणि ‘अ वॉक’ यांचंही तेच. ‘द रनिंग ऑफ द कंपनी’ यात मात्र कारभार हा अर्थ आहे, तिथे ‘द रन ऑफ द कंपनी’ चालणार नाही.

‘आय रॅन’ म्हणता येत असताना ‘आय वेंट फॉर अ रन’ कशाला?

दोन वाक्यं एक नाहीत. ‘आय रॅन’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न येतो: कुठे? कशासाठी? कुत्रा मागे लागला होता का? ‘आय वेंट फॉर अ रन’ म्हटलं की व्यायामाची, स्वतःच्या मर्जीने केलेली एक फेरी समजते.

इंग्रजीत क्रियेचं नाम करून मागे एखादं हलकंसं क्रियापद लावायची फार आवड आहे: ‘हॅव अ लुक’, ‘टेक अ टर्न’, ‘मेक अ कॉल’, ‘गिव्ह इट अ ट्राय’. फायदा असा की नामाला विशेषण आणि संख्या सहज चिकटते. ‘आय हॅड अ लाँग, लेझी, पॉइंटलेस वॉक’ हे क्रियापदाने सांगायला गेलं तर तोंडाला फेस येईल. कुठल्या नामाला कुठलं हलकं क्रियापद लागतं, याला नियम नाही. मराठीत तरी कुठे आहे? आपण उडी मारतो, झोप काढतो, धाव घेतो, आंघोळ करतो. परभाषकाने ‘उडी का मारायची, करायची का नाही’ असं विचारलं तर आपल्याकडे उत्तर नसतं. जोड्या जोडीनेच पाठ करायच्या.

‘आय डिड अ रन’ चूक नाही, ठरलेली एक फेरी पूर्ण केली अशा अर्थी चालतं. ‘आय डिड रन’ ही वेगळीच गोष्ट आहे, त्यात ‘रन’ क्रियापद आहे आणि ‘डिड’ जोर देतं: मी धावलो होतो, खरंच.

‘क्विक रन’ की ‘क्विकली रन’?

नामाला विशेषण, क्रियापदाला क्रियाविशेषण. ‘अ क्विक रन’, पण ‘शी रॅन क्विकली’. ‘फास्ट’ दोन्हीकडे तसाच राहतो, ‘फास्टली’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही.

‘रन ऑफ’ जोडून लिहायचा की तोडून? ‘लॉग इन’, ‘सेट अप’ यांचं काय?

क्रियापद असेल तर तोडून, नाम असेल तर जोडून किंवा मधे छोटी रेघ देऊन. ‘लॉग इन’ करा, पण तुमचं ‘लॉगिन’ विसरू नका. यंत्र ‘सेट अप’ करा, पण हा ‘सेटअप’ कोणाचा? फाइल ‘बॅक अप’ करा आणि ‘बॅकअप’ जपून ठेवा. संगणकाच्या पडद्यावर बटणांवरसुद्धा हे उलटसुलट लिहिलेलं दिसतं, त्याला प्रमाण मानू नका. पडताळा सोपा आहे: भूतकाळात न्या. ‘लॉग्ड इन’ म्हणतो, ‘लॉगिन्ड’ नाही. म्हणजे क्रियापद दोन शब्दांचं.

‘रन’च्या घरात अशी बरीच मंडळी आहेत. ‘रनऑफ’ म्हणजे पावसाचं जमिनीवरून वाहून जाणारं पाणी, किंवा कोणालाच बहुमत न मिळाल्यावर होणारी निवडणुकीची दुसरी फेरी. ‘रनवे’ म्हणजे धावपट्टी. ‘रनअवे’ म्हणजे पळून गेलेला. ‘रन-इन’ म्हणजे खटका उडणं आणि ‘रन-थ्रू’ म्हणजे तालीम. बोलताना नामात जोर पहिल्या तुकड्यावर येतो, ‘रन’वर. क्रियापदात तो सहसा दुसऱ्या तुकड्याकडे सरकतो. लिहिलेलं दिसत नसतानाही ऐकणाऱ्याला फरक कळतो तो यामुळे.

नाम आणि क्रियापद यांचा उच्चार बदलतो का?

‘रन’चा नाही, त्याला एकच स्वर आहे आणि जोर हलवायला जागाच नाही. दोन स्वरांच्या शब्दांत मात्र बदलतो. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर ‘रे’वर, क्रियापद असेल तर शेवटच्या ‘कॉर्ड’वर आणि सुरुवात ‘रि’सारखी ऐकू येते. ‘प्रेझेंट’ म्हणजे भेट, ‘प्रिझेंट’ म्हणजे सादर करणं. ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘कॉन्ट्रॅक्ट’, ‘एक्स्पोर्ट’ यांचीही हीच तऱ्हा. नामात पुढे, क्रियापदात मागे. १५७० मधल्या एका इंग्रजी शब्दकोशात अशा तीनच जोड्या आढळतात: रेकॉर्ड, रिबेल आणि आउटलॉ. आज त्या शंभरावर आहेत, म्हणजे ही सवय वाढत गेली. सगळ्यांना मात्र ती लागलेली नाही. ‘रिपोर्ट’ आणि ‘कंट्रोल’ दोन्ही कामांत सारखेच उच्चारले जातात.

दुसरा एक फरक मराठी कानाला चुकतो. ‘यूज’ नाम असेल तर शेवट ‘स’ने होतो, ‘यूस’. क्रियापद असेल तर ‘यूझ’. ‘हाउस’ म्हणजे घर, ‘हाउझ’ म्हणजे कुणाला राहायला जागा देणं. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’मध्ये तर स्पेलिंगही बदलतं. ब्रिटिश लेखनात ‘प्रॅक्टिस’ नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’, उच्चार तोच. अमेरिकेत दोन्हीला ‘सी’.

मग कुठलाही इंग्रजी शब्द असा दोन्हीकडे वापरता येतो?

नाही. जिथे दुसरा शब्द आधीच जागा अडवून बसला आहे, तिथे सहसा शिरकाव होत नाही. ‘डिसाइड’चं नाम ‘डिसिजन’ आहे, म्हणून ‘अ डिसाइड’ नाही. ‘अप्रूव्ह’चं ‘अप्रूव्हल’ आहे, म्हणून ‘प्लीज गिव्ह युअर अप्रूव्ह’ चूक. विमानाने जाणं ‘फ्लाय’ असल्यामुळे ‘टू एरोप्लेन’ कोणी म्हणत नाही, पण ‘टू बायसिकल’ खुशाल म्हणतात. ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क या भाषाशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नामांची क्रियापदं कशी होतात यावर विस्ताराने लिहिलं, त्यात ही अडवणूक त्यांनी नीट मांडली आहे.

दार मात्र पक्कं बंद नसतं. ‘इन्व्हिटेशन’ असूनही बोलण्यात ‘अ‍ॅन इन्व्हाइट’ आला. ‘अ बिग आस्क’ म्हणजे मोठीच मागणी. अनौपचारिक निरोपात चालेल, निमंत्रणपत्रिकेवर नको.

काही शब्द क्रियापद होताना चक्क दोन उलट दिशांना जातात. ‘डस्ट द शेल्फ’ म्हणजे धूळ काढणं आणि ‘डस्ट द केक विथ शुगर’ म्हणजे साखर भुरभुरवणं. ‘सीड अ फील्ड’ म्हणजे शेतात बी पेरणं, ‘सीड अ ग्रेप’ म्हणजे द्राक्षातलं बी काढणं. ऐकणारा जगाच्या अनुभवावरून समजून घेतो, व्याकरण इथे हात वर करतं.

नामाचं असं क्रियापद करणं म्हणजे भाषा बिघडवणं नाही का?

ही तक्रार जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन अनेक वर्षं फ्रान्समध्ये राहून अमेरिकेत परतले तेव्हा त्यांना काही नवी क्रियापदं खटकली. २६ डिसेंबर १७८९ रोजी कोशकार नोआ वेबस्टर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ‘नोटिस’, ‘ॲडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ यांच्या क्रियापदी वापराबद्दल नापसंती कळवली आणि वेबस्टर यांनीही त्याविरुद्ध बोलावं असं सुचवलं. आज हे तिन्ही शब्द क्रियापद म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाहीत. विसाव्या शतकात ‘कॉन्टॅक्ट’वर असाच राग निघाला. ‘इम्पॅक्ट’चं क्रियापद अनेकांना अजून सहन होत नाही, जरी इतिहासात त्या शब्दाचं क्रियापद नामाच्या आधीचं आहे.

‘गूगल’चं सगळ्यांनी डोळ्यांदेखत पाहिलं. २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात हे क्रियापद दाखल झालं आणि त्याच वर्षी कंपनीने लोकांना विनंती केली की आमच्या साधनाने शोधलं तरच ‘गूगल केलं’ म्हणा. व्यापारी नाव सामान्य क्रियापद झालं की त्यावरचा कायदेशीर हक्क पातळ होतो, ही त्यामागची चिंता. लोकांनी ऐकलं नाही. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने क्रियापद ‘गूगल’ला दशकाचा शब्द ठरवलं.

माझं मत विचाराल तर नव्या क्रियापदाने दोन-तीन शब्दांचं काम एका शब्दात होत असेल तर ते घ्यावं, नुसतं भारदस्त वाटावं म्हणून असेल तर सोडून द्यावं. ‘लेट्स अ‍ॅक्शन धिस’पेक्षा ‘लेट्स डू धिस’ केव्हाही बरं.

इंग्रजी मथळे वाचताना गोंधळ का उडतो?

मथळ्यांत उपपदं आणि सहायक क्रियापदं गाळतात, म्हणजे ज्या खुणांवरून जात ओळखायची त्याच नाहीशा होतात. ‘बँक रन्स फिअर्स ग्रो’ यात ‘रन्स’ क्रियापद वाटून वाचक पुढे जातो आणि ‘ग्रो’पाशी अडखळतो, कारण खरं क्रियापद ते आहे. २००९ मधल्या एका मथळ्यात ‘क्रॅश ब्लॉसम्स’ हे शब्द शेजारी आले. ‘ब्लॉसम्स’ तिथे क्रियापद होतं, पण वाचणाऱ्यांना ती कसलीतरी फुलं वाटली. तेव्हापासून अशा दुतोंडी मथळ्यांना ‘क्रॅश ब्लॉसम’च म्हणतात. अडखळलात तर शेवटाकडून क्रियापद शोधत मागे या.

‘रन’चे म्हणे ६४५ अर्थ आहेत. सगळे शिकायचे?

हा आकडा ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी झालेल्या कामातला आहे, आणि तोही फक्त क्रियापदाचा. पीटर गिलिव्हर या कोशकारांनी या एका शब्दावर सुमारे नऊ महिने घालवले. त्याआधी, १९८९ मधल्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. आकडा छाती दडपवणारा आहे, पण कोशकार शतकांपूर्वी मेलेले अर्थही मोजतात आणि अगदी बारीक छटाही वेगळ्या काढतात.

अर्थांची यादी पाठ करू नका, शेजारी पाठ करा. ‘रन अ टेस्ट’, ‘रन अ रिस्क’, ‘रन आउट ऑफ’, ‘रन लेट’, ‘इन द लाँग रन’, ‘ट्रायल रन’. प्रत्येक शेजाऱ्याबरोबर एक स्वतःचं, रोजच्या कामातलं वाक्य. नवा शेजारी वाचनात भेटला की वहीत भर.

मराठी बोलताना ‘रन’चं काय होतं? ‘रन काढला’ की ‘रन काढली’?

मराठीत शिरताना इंग्रजी क्रियापद आपलं क्रियापदपण उंबऱ्याबाहेर ठेवतं. ‘प्रोग्राम रनतो’ असं आपण म्हणत नाही. ‘प्रोग्राम रन होतो’, ‘मी तो रन करतो’ म्हणतो. काळ, लिंग, वचन यांचं ओझं ‘होणं’ आणि ‘करणं’ उचलतात. याच सवयीने उलट जाताना ‘आय डू रन द प्रोग्राम’ तोंडात येतं, तिथे ‘डू’ नको.

लिंगाचं म्हणाल, तर एकवचनात ‘एक रन काढला’ हे पुल्लिंगी रूप रुळलेलं आहे. अनेकवचनात ‘वीस रन काढले’ आणि ‘वीस रन्स काढल्या’ दोन्ही कानावर येतात, दुसऱ्यात मनातली ‘धावा’ डोकावते. लिहिताना एका लेखात एकच ठेवा.